चतुःसीमा

मनामाच्या सोनारबोळामागे माझं टायपिंग सेंटर:
दोन खुर्च्या, एक प्रिंटर,
भिंतीवर तीन भाषांत दरपत्रक.
मराठी त्यात नाही. मराठी मी तोंडी करतो.

शुक्रवारी दुपारपर्यंत तिला सुट्टी असते.
शालन भिकाजी मेस्त्री, वय एक्कावन्न.
फोन पुढे केला: "भावानं पाठवलंय. छापून दे,
सोमवारी वकिलातीत सही करायचीय.
पण आधी वाच. मोठ्यानं.
चष्मा मॅडमच्या घरी राहिला."
चष्मा तिच्या पर्समधून डोकावत होता.
मी वाचू लागलो.

हक्कसोडपत्र.
लिहून घेणार: दिगंबर भिकाजी मेस्त्री, धंदा शेती.
लिहून देणार: शालन, धंदा घरकाम.
ती हसली. "बरोब्बर लिहिलंय.
बावीस वर्षं घरकामच. घर तेवढं दुसऱ्याचं."

सदरहू मिळकतीतील माझा हक्क, हिस्सा, हितसंबंध
मी राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय,
बंधुप्रेमापोटी, विनामोबदला...
"थांब. शेवटचं परत."
विनामोबदला.
"म्हणजे फुकट ना?"
म्हणजे फुकट.

एसीतून टपटपणाऱ्या पाण्याखाली मी डबा सरकवला.
"स्लॅब माझ्या पैशांचा," ती डब्याला म्हणाली.
"दिगू म्हणतो, तुला काय कमी आहे गं तिकडे."

पुढे वाचलं.
चतुःसीमा. पूर्वेस वहाळ. दक्षिणेस पायवाट.
पश्चिमेस गावकर यांची जमीन...
"नाही."
आवाज एकदम बदलला.
"पश्चिमेला गडगा. गडग्याच्या अलीकडे रतांबा.
रतांबा आमचा. त्यावरनं बापू गावकाराशी भांडले
तेव्हा कंदील धरून मीच उभी होते. नऊ वर्षांची.
दिगू तर पाळण्यात."

टेबलाच्या काचेवर धूळ असते, इथे रोजच असते.
तिच्या बोटानं तिच्यावर वहाळ आला,
वहाळाला वळण आलं, वळणावर धुण्याचा दगड,
जो कागदात कुठेच नव्हता.

पंधरा वर्षं मी कागद करतोय.
मुखत्यारपत्रं, भाडेकरार, तलाकनाम्यांचे तर्जुमे,
एकदा एका मयताचा ना-हरकत दाखला,
विमान रात्री दोनचं, भाऊ दारात उभा, पासपोर्ट उलटा धरून.
सगळे विचारतात, सही कुठे करू?
चतुःसीमा कोणी ऐकत नाही.

"रतांबा घाल त्यात."
मी म्हटलं, ताई, हक्क सोडायचाच आहे, मग रतांबा कशाला?
"काय सोडतेय ते तरी नीट लिहायला नको?"

घातला.
पश्चिमेस गडगा, त्याअलीकडे रतांब्याचे झाड एक, फळते.
'फळते' तिनं सांगितलं. असं लिहीत नाहीत. लिहिलं.

प्रिंट गरम होती. तिनं पर्समधून चष्मा काढला,
माझ्याकडे न बघता लावला,
आणि दोन्ही पानं स्वतः वाचली, ओठ हलवत.
मग चार घड्या. फार लहान घड्या,
वकिलातीला चालणार नाहीत इतक्या.

सोमवारी येणार ना?
"सोमवारी मॅडमच्या नातवाची लस आहे."
आणि त्याच्या पुढच्या?
ती पर्सची चेन लावत होती. चेन अडकत होती.

अर्ध्या दिनारची नोट काचेवर ठेवली,
वहाळाच्या बरोबर मधोमध.
मी म्हटलं, राहू दे, ताई.
"विनामोबदला?" ती म्हणाली,
आणि नोट एका बोटानं
माझ्या बाजूला सरकवली.