किती?

सातपूरच्या शेडमध्ये मी तपासनीस होतो तेव्हा
माझ्या टेबलावर लाल रंगाची वाटी असायची.
चुकलेल्या जॉबला एक ठिपका, की विषय संपला.

हेमांगी गांगुर्डे लेथवर नवी.
पहिली पिन आणली, मी मायक्रोमीटर फिरवला,
ठिपका दिला.
बाकीचे वाद घालायचे, मशीनला शिव्या घालायचे.
ती फक्त विचारायची, "किती?"
"चाळीस मायक्रॉन जास्त."
मान हलवून निघून जायची.

दुसऱ्या दिवशी पंधरा. मग आठ. मग परत बावीस,
कारण टूल बोथटलेलं, आणि ते
कानानं ओळखायचं तिला अजून यायचं होतं.
सेकंड शिफ्ट सुटल्यावर त्र्यंबक रोडला
शेवटची सिटी बस कुणासाठी थांबत नसे.
ती चुकलेल्या बसही मोजत असेल बहुधा.

सत्तावीस ठिपके.
मला आठवतात, कारण वाटी खरवडायला लागली होती.
अठ्ठाविसाव्या पिनेला मी ब्रश उचलला नाही.
तरी ती उभीच. "किती?"

परवा अंबडला तिच्या गाळ्यात गेलो,
निवृत्त माणसाला काही काम मिळतंय का बघायला.
दोन मशीनं, कूलंटचा तोच आंबूस वास,
खिडकीच्या झडपेला टेकू म्हणून
लाल ठिपक्याची एक जुनी पिन.
चहा यायच्या आधी तिनं जॉब हातात ठेवला.
मी मोजला. बोटं जरा थरथरली.
"बरोबर आहे," म्हणालो.

तिनं माझ्यासमोरच पुन्हा मोजला.
"सर, सहा जास्त.
उद्या सकाळी आठला या."