पाणी लागू देऊ नका

डब्यावर लिहिलं होतं : तीन दिवस पाणी लागू देऊ नका.
दुकानातल्या लुंडग्रेनने तेच तीनदा सांगितलं,
चष्मा कपाळावर चढवून,
जणू मी बेसिनच्या ओट्याला नाही, जखमेला रंग लावणार होते.

नवा ओटा अकराशे डॉलर.
शाळेची बस चालवणारीला
त्यात डिसेंबरचं हीटिंग येतं, वर पोराचे बूट.
म्हणून रंग.

घासायला घेतला तेव्हा कळलं
काय काय साचलंय या हातभर फळीवर :
शेव्हिंग क्रीमच्या डब्याचं गंजकं कडं
(माणूस डुलूथ सोडून गेला, कडं राहिलं),
माझ्या केस कुरळे करायच्या यंत्राचा चटका,
नळापाशी फुगलेला थर, चहात पडलेल्या बिस्किटासारखा.

एमेट दारात उभा. सोळा वर्षांचा.
मागच्या हिवाळ्यापासून शब्द मोजून खर्चतो.
मी सँडपेपर पुढे केला. घेतला त्याने.
पांढरी भुकटी भुवयांवर बसली
आणि तो क्षणभर माझ्या वडिलांसारखा दिसला.
सांगितलं नाही मी.

वासासाठी खिडकी उघडी ठेवावी लागते.
बाहेर सरोवरावरून सुटलेला ऑक्टोबरचा वारा.
लोकरी टोप्या घालून आम्ही न्हाणीघरात रंग लावला.
पहिल्या हातातून कडं वर आलं,
दुसऱ्यातूनही, पुसट.
"याला हवंय तरी काय?" एमेट म्हणाला.
तिसऱ्या हाताला गप्प झालं.

मग तीन दिवस
दोन ब्रश, एक पेस्ट, स्वयंपाकघरातलं सिंक.
कोपराला कोपर, तोंडात फेस.
फेसातून बोललेलं अर्धंच कळतं,
म्हणून की काय, तो बोलला :
हॉकी सोडली, दोन आठवडे झाले, सांगायचं राहिलं.
बापाचा फोन येतो, रविवारी,
तो उचलत नाही; कापतही नाही,
वाजू देतो शेवटपर्यंत.
मी चूळ भरली, रात्रीच्या भांड्यांवर उडणार नाही अशी, हळू.
विचारलं काहीच नाही.

चौथ्या सकाळी ओटा खडखडीत वाळलेला.
नखाने वाजवला तर टणटण.
एमेटने बोट टेकवलं, उचललं,
बोटाकडे बघत राहिला.
"अजून जरा चिकटतोय."

मीही टेकवलं.
"हो रे," म्हटलं,
"लुंडग्रेन तर म्हणत होता, आठवडाही लागतो."