विकत नव्हते

दौलतगंजच्या कोपऱ्यावर बावीस वर्षं औषधं विकतोय मी.
गिऱ्हाइकानं तोंड उघडायच्या आधी
मला कळतं, कुठे दुखतंय.
ही पोरं मात्र तोंड उघडतच नाहीत.
दुकानात कुणी नाही असं बघून येतात,
मोबाइल काउंटरवर ठेवतात, उजेड अगदी कमी केलेला,
आणि बोट दाखवतात: हे आहे का?

उंची वाढवायची पावडर.
आठ दिवसांत गोरं करणारं मलम.
कुठल्याशा पैलवानानं शपथेवर सांगितलेल्या गोळ्या.
मी नाही म्हणतो.
कधीकधी आहे म्हणतो,
दुकानाचं भाडं मलाही द्यायचं असतं.

महाडिकांचा ओजस, दहावीतला, त्यातलाच एक.
मार्चमध्ये पावडरीचा डबा दप्तरात कोंबून गेला,
सुट्टे न मोजता.

मग मे.
बाड्यावरचं डांबर चपलेला चिकटत होतं.
दुपारी तीनला, शटर अर्धं खाली,
ओजस वाकून आत आला, बनियनवरच.
"काका, ओआरएस. चिकूला सकाळपासून उलट्या होतायत.
आई भिंडला गेलीय, बाबा ड्यूटीवर."

मी फ्रिजमधून संत्र्याच्या चवीचा खोका काढला,
गार, घाम फुटलेला.
सगळ्यांना तोच देतो.
त्यानं तो उलटा केला,
बारीक अक्षरांवरून अंगठ्याचं नख फिरवलं,
मोबाइलवरच्या आकड्यांशी ताडून पाहिलं,
नख पुन्हा मागे नेलं.
मला वाटलं, किंमत बघतोय.
"यात साखरच साखर आहे, काका. हे नको.
पुडी द्या. ती साधी, लिटरभर पाण्यातली."

बावीस वर्षं.
भिंतीवर माझं प्रमाणपत्र, काच तडकलेलं.

कुठे वाचलंस, म्हटलं.
तर म्हणे, हिंदीत विचारलं तर
नजर लागली असेल, मिरच्या ओवाळा;
मराठीत 'ओकारी' टाकलं तर
सगळं बाळंतपणाचंच येत राहिलं;
मग इंग्रजीत, अडखळत,
कुठल्याशा मुलांच्या दवाखान्याचं एक पान सापडलं.
"खाली तारीख होती. डॉक्टरीणबाईंचं नाव होतं.
आणि ते काही विकत नव्हते."

हे तो माझ्याच काउंटरवर कोपर टेकून बोलला.

तीन पुड्या दिल्या. पैसे घेतले.
शटरखालून वाकताना त्यानं विचारलं,
सहा तास लघवी झाली नाही तर
थेट जयारोग्यला न्यायचं ना?
मी मान हलवली.
जरा उशिराच.

संध्याकाळी त्याचा फोन: चिकूनं आंबा मागितला.
ते खोके अजून आहेत माझ्याकडे.
पुढच्या फळीवरून मागच्या फळीवर सरकवले,
एवढंच जमलं.

परवा ओजस परत आला, रात्री साडेनऊनंतर.
दुकानात कुणी नाही असं बघून.
मोबाइल काउंटरवर. अंधूक.
बोट.

धाकट्यासाठी साखरेचा ग्रॅम न् ग्रॅम वाचणारा पोरगा,
स्वतःच्या अंगापाशी आला की
एका ओळीवर विश्वास ठेवतो,
ठळक असली म्हणजे झालं.

मी मोबाइल हातात घेतला नाही.
त्याच्यासाठी स्टूल ओढलं, चष्मा पुसला.
म्हटलं, खाली जा. आणखी खाली.
तारीख कुठाय?
नाव कुणाचं?
आणि हे लोक काय विकतायत?

तो थांबला.
वर माझ्या फळ्यांकडे पाहिलं त्यानं,
मग माझ्याकडे.
मग अंगठ्यानं उजेड थोडा वाढवला.
अक्षरं मलाही दिसायला लागली.