सात नंबरचा रेकॉर्डर

फळ्यावरच्या टाचण्या माझ्या ताब्यात असतात.
माध्यम विभाग, किसुमू. जिन्याखालची खोली,
दारावर पाटी: 'उपकरणे'.
माझं नाव ओकुमू, पण मुलं मला 'सही' म्हणतात,
कारण सहीशिवाय माझ्याकडून बॅटरीसुद्धा हलत नाही.

दर सोमवारी वरून कागद येतात, मी ते टाचतो.
नैरोबीहून कोणी संपादक येणार, गुरुवारी दोनला,
हजेरी सक्तीची, चहा मिळेल.
लघुपट महोत्सवाला स्वयंसेवक हवेत,
टी-शर्ट आयोजकांचा, जेवण ज्याचं त्याचं.
वृत्तवाहिनीत तीन महिने उमेदवारी,
मानधनाच्या रकान्यात बोलाची कढी.
आणि खाली कोपऱ्यात, अर्ध्या पानावर,
रेडिओसाठी चार मिनिटांचा ध्वनिपट, विषय 'माझं शहर'.
पहिलं बक्षीस मोम्बासाची कार्यशाळा, जाण्यायेण्याच्या भाड्यासकट.
शेवटची तारीख शुक्रवार, संध्याकाळी पाच.

कोण काय वाचतंय ते मला पाठमोऱ्या मानांवरून कळतं.
संपादकांच्या कागदापुढे मान ताठ.
उमेदवारीपुढे ओठ हलतात:
खोलीभाडं, मटाटूचं भाडं, हातचा एक.
अपोंडी मात्र कोपऱ्यापाशी वाकली
आणि त्या तारखेवर नख घासत राहिली,
जणू खालून दुसरी एखादी निघेल.

बुधवारी तिने सात नंबरचा रेकॉर्डर नेला.
सातचं झाकण सैल आहे, मी रबर लावून देतो.

शुक्रवारी पाच वाजले.
डॉक्टर नेकेसांनी पेनड्राइव्ह मोजले: अकरा.
त्यातल्या नऊंत बाजारपेठ होती, दोनांत बस-स्टँड.
मी शटर ओढलं.

सोमवारी ती आली.
चपलांत वाळू, स्वेटरला रॉकेलचा वास.
'तीन दिवस उशीर,' मी म्हणालो, 'दिवसाला पन्नास.'
तिने दीडशे शिलिंग मोजले, सगळे सुट्टे, सगळे ओलसर.
मी विचारायचं नव्हतं, तरी विचारलं: 'स्पर्धेचं?'
'शुक्रवारपर्यंत वारा होता,' ती म्हणाली,
'होड्या निघाल्याच नाहीत.
शनिवारी रात्री निघाल्या.'

एवढंच.
त्या तारखेवर सरोवराने सही केली नव्हती.

नियम असा की परत आलेलं कार्ड कोरं करून ठेवावं.
नियमात हेडफोनबद्दल काही नाही.

आधी तिचाच आवाज: एक दोन, एक दोन.
मग कुणीतरी खोकतं.
मग पाणी. वल्ह्याखालचं, फळीखालचं, जाळ्यातून गळणारं.
दिव्याची बारीक फुसफूस,
जिच्याकडे ओमेना मासे मरायला येतात.
माणसं गप्प. सहा मिनिटं, सात मिनिटं.
मी नैरोबीत बारा वर्षं आवाज कापले आहेत,
एवढी मोठी शांतता मला कुणी ठेवू दिली नसती,
आणि खरं सांगतो, मीही ठेवली नसती.
मग पहाटेचा किनारा, घमेली आदळतात,
एक बाई मोजायला लागते,
अचिएल, अरियो, अदेक, अंगवेन,
आठापर्यंत जाते, कुणीतरी मध्ये भाव विचारतं,
ती चुकते, त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करते,
आणि पुन्हा अचिएलपासून.
मागे अपोंडी हसते. ते हसू रेकॉर्डरला रबरासकट ऐकू आलं आहे.

दंडाची पावती मी फाडली, पूर्ण दीडशेची.
नवं कार्ड पदरमोड करून आणलं, सातमध्ये घातलं.
रजिस्टरात शेरा लिहिला:
'परत मिळाला. झाकण सैल. जुनं कार्ड बाद.'
नोकरीतला पहिला खोटा शेरा, अक्षर मात्र नेहमीपेक्षा बरं आलं.

आज पुन्हा कागद आले आहेत.
मोम्बासाला बस-स्टँडवाल्यांपैकी एक जण गेला. चांगला मुलगा आहे.
नवा संपादक, नवा टी-शर्ट, नवी कढी.
एक चिठ्ठी किनाऱ्यावरच्या छोट्या केंद्राची,
पहाटेच्या पाळीला माणूस हवा, पगार थोडा, पण पगार.
ती मी खाली कोपऱ्यात टाचली,
वाकल्याशिवाय दिसणार नाही अशी.

कार्ड खणात आहे.
ती आली की देईन.
सही लागेल.