देवचाराची बिडी

पुरसो कुडणेकर दिवसा खाण कंपनीत ट्रक मोजायचे
आणि रात्री माणसं मारायचे.
दर दीड महिन्याला एक कादंबरी,
पिवळट कागद, एकशे अठ्ठावीस पानं,
मुखपृष्ठावर तीच बाई, साडीचा रंग तेवढा वेगळा.

डिचोलीच्या वाचनालयात मी त्यांना नंबर घालायचे,
उसवली की दाभणानं शिवायचे.
परत येताना शेवटचं पान हमखास गायब.
कोण फाडायचं, कधीच कळलं नाही.
वर्गणीदार माझ्यावर उखडायचे: "गे बाय, मागीर कितें जालें?"
शेवटी मीच पेन्सिलीनं एकेक पान लिहून डकवू लागले.
कोणाला वाचवलं, कोणाला नाही,
त्या दिवशी घरी काय झालं असेल त्यावर.

मुळगावच्या वळणावरचा देवचार त्यांचाच.
आधी तिथं काजूची चार झाडं आणि मैलाचा दगड.
चौदावी कादंबरी आली
आणि ड्रायव्हर तिथं हॉर्न देऊ लागले,
मग बिडी ठेवू लागले, मग रोट,
मग कोणीतरी मुलासाठी नवस बोललं.
पुरसोबाब पसऱ्यावर उभं राहून सांगायचे,
"अरे, मी रचलाय तो! घराचा हप्ता थकला होता म्हणून!"
लोक म्हणायचे, हळू बोला,
त्याला ऐकू जातं.

पुढं खाणीनं टेकडीच उचलली.
वळण, काजू, दगड,
देवचाराचं घर होड्यांतून मुरगावला, तिथून जपानला.
किती फेऱ्या झाल्या त्या वहीखाली
सही पुरसो कुडणेकर.

त्यानंतर त्यांनी लिहिलं नाही.

एकदाच आले, निवृत्तीनंतर.
"माझं काही उरलंय?"
मी दोनशे सतरा काढून दिलं.
उभ्यानंच वाचत गेले, शेवटी माझी पेन्सिल.
चष्मा वर केला, खाली केला.
"हें हांवें बरयलां?"
मी म्हटलं, "हय."
"मी असतो तर मारला असता त्याला,"
असं म्हणून पुस्तक मिटलं
आणि वर्गणी थकल्यासारखे निघून गेले.

आता रस्ता सुतासारखा सरळ.
परवा एक ट्रक तिथं थांबला,
झारखंडचा पोरगा, मराठीचं अक्षर येत नाही,
उतरून बिडी पेटवली, कडेला ठेवली.
कोणी सांगितलं रे?
म्हणाला, आधीच्या ड्रायव्हरनं.

सकाळी दोरा तेवढा उरला होता.
वाऱ्यानं असेल.