प्रश्न सतरावा

सिनोपच्या नगरपालिकेतला रात्रवर्ग.
विद्यापीठाकडून आलेली प्रश्नावली मी वाटते.
तीस प्रश्न, प्रत्येकापुढे चार चौकोन:
कधीच नाही, क्वचित, कधीकधी, नेहमी.

तुम्ही नवा इंग्रजी शब्द मोठ्याने घोकता का?
याकुप हसतो. त्याची बोट पहाटे तीनला सुटते.
इंजिनाच्या धडधडीत तो ओरडतो: रोप, स्टॉर्म, सॅलरी,
स्वतःलाच ऐकू येत नाही म्हणून आणखी मोठ्याने.
मासे ऐकत असतील, मॅडम,
त्यांचा चौकोन कुठला?

शब्दाला ओळखीच्या आवाजाशी जोडता का?
हॉटेलातल्या चादरी बदलणारी हाजेर
खूण करायची सोडून समासात लिहिते:
अँकर म्हणजे नांगर, म्हणून अंकारा लक्षात ठेवलं.
समुद्र नसलेल्या शहरात
मी एक नांगर टाकून आले आहे,
अजून सुटलेला नाही.
तिचा मुलगा अंकाराला असतो.
हे तिने लिहिलेलं नाही.

वस्तूंवर चिठ्ठ्या चिकटवता का?
सेझगिन, सुतार, एकोणसाठ पूर्ण.
कपाटावर, खिडकीवर, किटलीवर,
किटलीवरची वाफेने गळून चहात पडली.
करवतीवर 'सॉ' लावलं,
मग कळलं 'सॉ' म्हणजे 'पाहिलं'सुद्धा,
दोन दिवस करवत हातात धरली नाही.
बायको म्हणाली, माझ्या कपाळावर तेवढी लावू नकोस.

आणि ज्यांना चिकटवायला वस्तूच नसते ते शब्द? मी विचारलं.
'ऑलदो', म्हणजे 'जरी', कुठे लावलंत?
तो म्हणाला, बिजागरीवर.
दार तिथेच तर वळतं.

बावीस वर्षं मी हा शब्द
फळ्यावर व्याकरणाच्या चौकटीत शिकवत आले.

सतरावा प्रश्न: शब्द विसरलात तर काय करता?
पुष्कळांनी कोरा ठेवला.
याकुपने 'पोहतो' लिहून खोडलं.
सेझगिनच्या तिरप्या अक्षरात:
जिथे लावला होता तिथे जाऊन उभा राहतो.
चिठ्ठी पडलेली असते,
डिंकाचा डाग असतो.

सूचनेत म्हटलंय, फक्त खुणा मोजाव्यात,
समासातला मजकूर धरू नये.
मी कात्री घेतली.
चौकोन लिफाफ्यातून विद्यापीठात गेले.
समास माझ्या खणात आहेत.
घरी आल्यावर दार उघडताना
आज पहिल्यांदाच बिजागरीकडे पाहिलं,
तेल घालायला झालंय.