सहामाही आढावा

सहा महिन्यांपूर्वी शेडच्या भिंतीवर पेटी लावली,
हिरवी, कुलूपवाली, वर 'मनातलं लिहा'.
आज उघडली.
दोन कोऱ्या चिठ्ठ्या, एक एसटीचं तिकीट,
आणि पालीची तीन अंडी,
एवढी सुरक्षित जागा शोधून घातलेली.

फॉर्मवर विचारलंय :
चूक कबूल करायला भीती वाटते का?
बेचाळीस जणींनी 'नाही'वर खूण केलीय,
एकाच शाईची, एकाच कलाची.
पेन कुबल सुपरवायझरांचं.

तक्रारी : शून्य.
पेटीच्या आधीही शून्यच होत्या.
मालवणात पाणी असं सपाट दिसलं
की जुने तांडेल होडी लोटत नाहीत,
वाळूत बसून आधी एक विडी ओढतात.

मग तो गुरुवार. बैठक.
पायाखाली बर्फाचं पाणी, कोळंबीची टरफलं,
हातमोजे काढले तरी न सुटणारा वास.
ज्योत्स्ना टिकम उभी राहिली. सगळ्यांत धाकटी.
म्हणाली, "त्या रात्री कोल्डरूमची कडी
माझ्याकडसून रवली."
चाळीस किलो माल गेला होता त्या रात्री.
दोष विजेवर लिहिला होता.
मीच लिहिला होता.

कोणी बोललं नाही.
कंप्रेसर तेवढा घुरघुरत राहिला.
ती शांतता किती सेकंदांची होती
याला फॉर्मवर रकाना नाही.
कुबलांनी पेनाला टोपण लावलं.
"कशी रवली? दाखव."

मागून इंदुमती तारी, टोपी सारखी करत :
"ती लागता खंय?
गुडघ्यान दाबूची लागता."
आणि मग बायका एकदम,
वर्षभराचे दुखरे गुडघे घेऊन.

तर आता, घटना : एक. तक्रारी : अकरा.
कोल्हापूरच्या ऑफिसातून फोन :
आकडे वाढले कसे? उपाय फसले का?
म्हटलं, लिहून पाठवते.
अजून लिहितेय.

कडी नवी बसली, पितळेची, बोटानं लागणारी.
आणि सोमवारपासून ज्योत्स्नाला रात्रपाळी.
कुबल म्हणतात, पाळीच होती तिची.
मी हजेरीपटाची मागची पानं उलटून पाहिली.
खरंच होती.

शेडमध्ये पानं कोणी उलटली नाहीत.
पुढच्या गुरुवारी बैठकीत
कोळंबीच्या भावावर पुष्कळ बोलणं झालं.